टीव्हीवरच्या मुंग्या

जावयाच्या घरात सासूने किती आवाज करावा, हे कुणी कुठे लिहून ठेवलेलं नाही. मी माझ्यापुरतं ठरवलं होतं. भांड्यांचा आवाज चालेल, माझा नको.

वेरिबीला, लेकीच्या या परदेशातल्या गावी, आले तेव्हा फेब्रुवारी होता आणि इथला उन्हाळा चालू होता. हे गेल्यावर लेक सारखी मागे लागली होती की तीन महिने तरी येऊन राहा, नात तुला फोनवरूनच ओळखते. तीन महिन्यांचे कपडे आणि बरणीभर मसाला घेऊन मी आले. मग तो आजार आला आणि विमानं बंद झाली. मसाला संपला. इथला हिवाळा सुरू झाला आणि माझ्याजवळ एकच स्वेटर निघाला, तोही आमच्याकडच्या थंडीचा. लेकीने तिचं जुनं फुगीर जाकीट मला दिलं. ते घातलं की हात अंगापासून लांब राहतात. आरशात बघितलं तर मला गादीला डोकं फुटल्यासारखं वाटायचं.

आमच्यात लेकीच्या घरी फार दिवस राहत नाहीत. माझी आई माझ्याकडे आली की चहा घेऊन उठायची, जेवायला थांब म्हटलं तर म्हणायची, पुढच्या वेळी. मी मात्र जावयाच्या घरात सकाळ-दुपार-संध्याकाळ जेवत होते, आणि परत कधी जाणार हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

जावई चांगला माणूस आहे. पुण्याचे, कॉम्प्युटरमधलं काम. त्यांचं ऑफिस आता जेवणाच्या टेबलावर भरायचं. लेकीचं कंपनीच्या हिशोबाचं काम आतल्या खोलीत. नात पहिलीत होती, तिची शाळा हातातल्या टॅबवर. घरात दिवसभर तिघं बोलत असायची आणि कुणी कुणाशी बोलत नसायचं. माझी जागा ओट्यापाशी आणि मागच्या लॉन्ड्रीत, म्हणजे कपडे धुवायच्या खोलीत. जावयांची मीटिंग चालू असली की मी मिक्सर लावत नसे. त्यांच्या खोलीचं दार वाजलं की मी माझ्या खोलीत थांबायचे, बाथरूमच्या वाटेवर समोरासमोर यायला नको म्हणून. सोफ्यावर तर मी बसतच नव्हते. लेक म्हणायची, "आई, बस की गं." मी म्हणायचे, हे एवढं आवरते आणि बसते.

शनिवारी दुपारी त्यांची फूटी असायची. फूटी म्हणजे इथला फुटबॉल. चेंडू गोल नसतो, कच्च्या पपईसारखा लांबट असतो. तो पायाने मारतात, हातानेही घेतात, आणि वरून येणारा चेंडू धरायला एकमेकांच्या खांद्यावर गुडघे ठेवून चढतात. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोघांतून गेला तर सहा गुण, बाजूने गेला तर एक. हे सगळं मला नातीने शिकवलं. ती इंग्रजीत बोलायची आणि मी मराठीत विचारायचे, तरी आमचं जमायचं.

पूर्वी जावई आणि त्यांचे दोन मित्र याच सोफ्यावर बसून मॅच बघायचे. तिघंही इथे शिकायला आले तेव्हा एका खोलीत राहायचे. एक पंजाबकडचा, दाढीवाला. एक हैदराबादचा. आता कुणी कुणाच्या घरी जायचं नाही असा सरकारचा नियम होता, म्हणून जावई टीव्हीच्या शेजारी स्टुलावर लॅपटॉप ठेवायचे. त्यात मित्रांचे चेहरे दिसायचे. तिघं तीन घरांत, एकच मॅच बघत, एकमेकांना हसत बसायचे. आठवड्यात तेवढाच वेळ मी जावयांना मोठ्याने हसताना ऐकत असे. ओट्यापाशी उभी राहून मलाही बरं वाटायचं.

त्या शनिवारी मी कांदाभजी केली होती. बशी ठेवून वळले, तर जावई म्हणाले, "आई, आज तुम्ही पण बसा. मॅच बघा आमच्याबरोबर."

"मी काय बघणार त्यातलं," मी म्हटलं.

"बसा हो. रोज उभ्याच असता."

नातीने माझा हात ओढला. आता नाही म्हणणं जास्तच वाईट दिसलं असतं. मी सोफ्याच्या कडेला टेकले. अंगात गाऊन, त्यावर ते जाकीट, पायात मोजे आणि मोज्यांवर चप्पल. लॅपटॉपमधली माणसं आपल्याला दिसतात एवढंच मला ठाऊक होतं. त्यांनाही आपण दिसतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

मॅच कुठल्याशा डोंगराकडच्या थंड गावात चालली होती. मैदानाभोवतीच्या खुर्च्या सगळ्या रिकाम्या. तरी माणसांचा मोठा गलका ऐकू येत होता. मी नातीला हळूच विचारलं, "माणसं कुठं लपलीत गं?"

"इट्स फेक, आजी," ती म्हणाली. "दे प्ले द साउंड. टीव्हीवाले."

रिकाम्या खुर्च्यांना गलक्याचा आवाज लावायचा हे मला अजब वाटलं. अर्धा तास गेला असेल. आपण इथे बसलो तरी काही बिघडत नाही, असं हळूहळू वाटायला लागलं होतं. जावयांनी माझ्यापुढे बशी केली आणि मी एक भजं घेतलं. जावयांच्या समोर बसून मी काही खाल्लं, ते पहिल्यांदाच.

आणि टीव्हीवर मुंग्या आल्या.

आमच्या घरी जुना डबडा टीव्ही होता. वाऱ्याने अँटेना हलली की चित्रावर पांढरे ठिपके वळवळायला लागायचे. त्याला आम्ही मुंग्या म्हणायचो. मग कुणीतरी उठून टीव्हीच्या कुशीत एक चापट मारायची. उजवीकडे, जरा वरच्या अंगाला. आमच्या घरात ते काम माझं होतं. माझ्या हाताला टीव्ही ऐकतो, असं हे म्हणायचे.

आधी दोन-चार ठिपके दिसले. मग वाढले. मग हिरवं मैदान दिसेनासं व्हायला लागलं आणि खेळणारी माणसं पांढऱ्या ठिपक्यांतून पळायला लागली. जावई पुढे सरकले. "अरे, बघ, बघ," असं म्हणत त्यांनी डोक्याला हात लावला. लॅपटॉपमधला दाढीवाला ओरडला, "क्या बात है यार, अनबिलीव्हेबल." मला वाटलं, ऐन वेळी चित्र बिघडलं म्हणून ही मुलं हळहळतायत.

"मुंग्या आल्या," मी म्हटलं.

नातीने ताबडतोब दोन्ही पाय सोफ्यावर घेतले आणि खाली जमिनीवर मुंग्या शोधायला लागली. जावयांनी टीव्हीवरची नजर न काढता म्हटलं, "उठून जरा चाला आई, पाय मोकळे होतील." त्यांना वाटलं, कडेला अवघडून बसल्यामुळे माझ्या पायाला मुंग्या आल्या. मला वाटलं, ते मला उठायला सांगतायत. म्हणजे दोघांचं एकच झालं.

मी उठले. इतके महिने या घरात नुसती खाऊन राहिले होते, आज माझ्या हातचं एक काम निघालं होतं. मी टीव्हीजवळ गेले आणि त्याच्या उजव्या कुशीत, जरा वरच्या अंगाला, चांगली सणसणीत चापट मारली.

इथले टीव्ही पापडासारखे असतात हे मी रोज पुसत असूनही विसरले. तो दोन काटक्यांसारख्या पायांवर उभा होता. तो आधी मागे गेला, मग पुढे आला आणि सरळ माझ्या अंगावर कलला. जावयांनी सोफ्यावरून झेप घेतली. भज्यांची बशी उडाली. त्यांनी टीव्ही दोन्ही हातांनी छातीशी धरला, आणि मागची वायर निघून सगळं काळं झालं.

"अहो काय करताय, आई!"

त्यांचा चढलेला आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. आपला आवाज चढला हे त्यांनाही लगेच कळलं असणार, कारण त्यांनी नजर खाली वळवली. टीव्ही धरून तसेच उभे राहिले.

"मुंग्या आलेल्या," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

नात म्हणाली, "आजी, इट्स स्नो. बर्फ. तिकडे बर्फ पडतोय."

तेव्हा लॅपटॉपमधून हसू आलं. पोट धरून हसणं. दाढीवाला म्हणाला, "आंटी ने तो गोल कर दिया, भाई." हैदराबादचा म्हणाला, "आंटी जी, नमस्ते. वो बरफ है, टीवी खराब नहीं है." ते माझ्याकडेच बघत होते. गाऊन, जाकीट, मोजे, चप्पल, सगळं त्यांना दिसत होतं आणि पहिल्यापासून दिसत होतं. डोक्यावर घ्यायला पदरही नव्हता. जाकिटाच्या गळ्यात मी जमेल तेवढी हनुवटी खुपसली.

ते वाईट मनाने हसत नव्हते. दुसऱ्या कुणाची म्हातारी असती तर मीही हसले असते. पण मग दाढीवाल्याने हसतहसत विचारलं, "अरे, तू तो बोला था भाभी की मम्मी टीचर हैं?"

जावई टीव्ही खाली ठेवत होते. ते म्हणाले, "हां, मतलब, स्कूल में थीं."

"नो," नात म्हणाली. तिला हिंदी फार येत नाही, पण टीचर हा शब्द तिने बरोबर धरला. "आजी वॉझन्ट अ टीचर. शी वॉज द कॅन्टीन लेडी." आणि हे तिने केवढ्या ऐटीत सांगितलं. तिच्या शाळेतली कॅन्टीनवाली बाई तिला सगळ्यांत आवडायची. शाळा बंद झाल्यावर तिने शिक्षकांची आठवण काढली नव्हती, त्या बाईची काढली होती. मी तिला माझ्या खिचडीच्या गोष्टी सांगितल्या होत्या, माझ्या कमरेएवढा डेग, वल्ह्यासारखा उलथणा, आणि तिने माझी कॅन्टीन लेडी करून टाकली होती.

दाढीवाला त्याच्या टीव्हीकडे वळला. मी मान वर केली तर दारात लेक उभी. आवाज ऐकून ती आतल्या खोलीतून आली होती आणि तिने सगळं ऐकलं होतं. तिने माझ्याकडे बघितलं, मग खाली सांडलेल्या भज्यांकडे. मग मुलीला म्हणाली, "इनफ. गो वॉश युवर हँड्स."

मुलीचे हात स्वच्छ होते.

मी भजी गोळा केली आणि लॉन्ड्रीत जाऊन बसले. टीव्ही चालू व्हायला बराच वेळ लागला. तोवर शेवटचा गोल होऊन गेला होता. ज्या गोलने मॅच जिंकली तो जावयांना मित्रांनी तोंडी सांगितला. "असू दे रे, होतं असं," असं ते म्हणत होते. मशीनच्या वर वाळलेले कपडे होते, ते मी घड्या घालायला घेतले. घड्या घातलेले पुन्हा मोडून घातले.

मी चौथी शिकले. पुढे धाकटी भावंडं सांभाळायला घरी राहिले. नंतर आमच्या गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांना दुपारची खिचडी द्यायची योजना आली तेव्हा ती शिजवायला मला ठेवलं. ते काम मी खूप वर्षं केलं आणि मला त्याचं कधी कमीपण वाटलं नाही. आज वाटलं. आणि कमीपण वाटलं याचीही लाज वाटली, कारण त्या खिचडीनेच लेक कॉलेजपर्यंत गेली होती.

थोड्या वेळाने लेक आली. दाराला टेकून उभी राहिली.

"टीव्ही?" मी विचारलं.

"टीव्हीला काही झालं नाही. तुला लागलं नाही ना कुठे?"

"मला कशाला लागतंय."

तिने एक टॉवेल उचलला आणि घडी घालायला लागली. मग म्हणाली, "मी 'टीचर' असं कधी म्हणाले नव्हते. लग्नानंतर सगळे विचारायचे, आई काय करायची. मी म्हणाले, शाळेत होती. पुढचं त्यांचं त्यांनी धरलं."

"मग खरंच आहे की. शाळेतच होते."

"असं नको ना बोलूस, आई."

मी टोमणा मारला नव्हता. खरंच तसं वाटलं म्हणून बोलले होते. पण ती टोमणा समजली आणि तिचे डोळे भरले. मी पुढचा टॉवेल तिच्याकडे सरकवला. टॉवेल संपले तेव्हा ती गेली.

ती गेल्यावर मला तिचं शाळेतलं पाचवीचं वर्ष आठवलं. खिचडीचं काम मिळालं त्या दिवशी मीच तिला बजावलं होतं, शाळेत मला आई म्हणायचं नाही. पोरं म्हणतील, हिची आई हिलाच जास्त वाढते. सगळी मावशी म्हणतात तसं मावशी म्हणायचं. पोरगी शहाणी. ती रांगेत उभी राहायची, ताटली पुढे करायची आणि म्हणायची, "मावशी, बस." एकदा डेगाची कड माझ्या हाताला चिकटली आणि कातडी सोलली. पोरं ओरडली, मावशी भाजली, मावशी भाजली. ती तिच्या जागेवरून हलली नाही. रांगेतच उभी राहिली, ताटली छातीशी धरून. मला त्या दिवशी तिचं कौतुक वाटलं होतं, सांगितलेलं किती पाळते. संध्याकाळी घरी तिने माझ्या हातावर खोबरेल लावलं आणि तेव्हा कुठे रडली.

मीच शिकवलं होतं. आता ती माझ्याशी काय वेगळं वागली होती?

पुढचा आठवडा वाईट गेला. माझी गोष्ट मित्रांच्या ग्रुपवर फिरली, हे जावयांच्या हसण्यावरून कळायचं. ते मला बरं वाटावं म्हणून फार धडपडत होते. एका सकाळी चहा घेताना म्हणाले, "आई, माझी आत्या तर टीव्हीला चपलेने मारायची." मी खाली बघून हसले. त्यांना वाटलं, मी मोकळी झाले. मी जेवण ओट्यापाशी उभ्याने उरकत होते ते त्यांनी बघितलं आणि काही म्हणाले नाहीत. लेकही माझ्याशी जपून बोलत होती, परक्या घरी पाहुणी आल्यासारखी. एका घरात आम्ही दोघी पाहुण्या.

शनिवार आला. मी ठरवलं होतं, डोकं दुखतंय म्हणून खोलीत पडून राहायचं. नात दार न वाजवता आत आली.

"आजी, कम. नो मुंग्या टुडे. प्रॉमिस."

"माझं डोकं दुखतंय, बाळा."

"बाबा सेड यू हॅव टू." आणि मग मराठीत, अडखळत, "तू नाही आली तर मी पण नाही बघणार."

बाहेर आले तर टीव्ही भिंतीला ठोकलेला. जावयांनी सकाळी ड्रिल फिरवलं होतं ते यासाठी. मला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी साडी नेसून आले होते, जाकीट आतच ठेवलं होतं, थंडीने दात वाजत होते. सोफ्याच्या त्याच कडेला टेकले. लॅपटॉपकडे बघितलं नाही.

"नमस्ते आंटी जी," दाढीवाला म्हणाला. नुसतं तेवढंच, फार मऊ आवाजात. मस्करी केली असती तर बरं झालं असतं.

तेवढ्यात लेक आली. तिला फूटी आवडत नाही, मॅचच्या वेळी ती कधी बाहेर बसत नाही. ती माझ्या आणि लॅपटॉपच्या मधल्या जागेत येऊन बसली, माझी मांडी दाबली जाईल इतकी चिकटून. मॅच सुरू व्हायला वेळ होता. ती लॅपटॉपकडे वळून म्हणाली, "एक मिनट सुनो. मेरी आई टीचर नहीं थी. स्कूल में खिचड़ी बनाती थी. मैंने भी खाई है, लाइन में खड़ी होके."

एका दमात बोलली. ती 'मम्मी' म्हणाली नाही, हिंदीतही आई म्हणाली.

दाढीवाल्याने मान डोलावली. मग म्हणाला, "तो भाभी, लॉकडाउन खुलते ही हम भी लाइन में खड़े होंगे."

"अपनी अपनी थाली लेके आना," जावई म्हणाले.

हैदराबादचा म्हणाला, "आंटी, बस हमको टीवी जैसा थप्पड़ मत मारना." सगळे हसले. मलाही हसू आलं, ते मी पदराआड केलं.

लेक हसली नाही. ती टीव्हीकडे बघत होती आणि तिचे कान लालभडक झाले होते. लहानपणी फळ्यापाशी उभं राहावं लागलं की असेच व्हायचे. तिला हे किती जड गेलं ते मला दिसत होतं. मी म्हणायला हवं होतं, कशाला सांगितलंस, काय गरज होती. म्हणाले नाही. कारण आठवडाभर मी याचीच वाट बघत होते. लेकीने चार लोकांत मान खाली घालून माझं नाव घ्यावं याची मी वाट बघत होते, हे मला तेव्हा कळलं, आणि टीव्ही पाडला त्यापेक्षा मला त्याची जास्त लाज वाटली. अजून वाटते.

मॅच सुरू झाली. बर्फ नव्हता त्या दिवशी, बारीक पाऊस आणि चिखल. लेकीने न बघता स्वतःच्या अंगावरची शाल अर्धी माझ्यावर ओढली. तिच्या बाजूला माझा पाय दुमडलेला राहिला होता आणि थोड्या वेळाने त्याला मुंग्या आल्या. मी पाय हलवला नाही. कुणाला काही सांगितलंही नाही.